चाल मात्र सगळ्यांना आवडली

इंदूवैनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी चिपळूणच्या बाजारातून नुकतीच घरात पाऊल टाकत होते. हातातली भाजीची पिशवीही खाली ठेवली नव्हती. फोन कुसुमचा होता. गावच्या आमच्या महिला भजन मंडळात ती पेटी वाजवते; जमेल त्या सोमवारी मीही चिपळूणहून भजनाला जाते. "सुषमाताय, वैनी गेली गो," एवढंच म्हणाली. मी तशीच रिक्षा करून निघाले. वाटेत दुसरा फोन आला. देवस्थान कमिटीतला कुणीतरी होता. "ताई, वैनींच्या त्या गाण्याचं चांगलं रेकॉर्डिंग आहे का तुमच्याकडे? शेठ म्हणतात, तिला नेताना स्पीकरवर लावू या. तेवढाच मान." मी फोन बंद केला... आज महिना उलटून गेला, पण त्या दोन फोनांतला दुसराच माझ्या कानात जास्त राहिला आहे.

इंदू नात्याने माझी थोरली जाऊ. अख्खी वाडी तिला वैनी म्हणायची म्हणून मीही वैनीच म्हणत आले. तिच्याबद्दल लिहायचं तर तिच्या गाण्याबद्दल लिहावं लागणार, आणि गाण्याबद्दल लिहायचं तर शेठबद्दल. शेठचं नाव मी लिहीत नाही. कोर्टाने त्यांना निर्दोष सोडलेलं आहे, आणि कोर्टाचा मान राखला पाहिजे असं मला लहानपणापासून शिकवलेलं आहे.

आमचं गाव वेळणेश्वरच्या अलीकडे. समुद्र दिसत नाही, पण पावसाळ्यात त्याची गाज घरात येते. खाली भाताचे मळे, मधल्या उतारावर वाड्या, आणि वर सडा... मैलभर पसरलेला जांभा कातळ. त्या कातळावर आठ महिने गवताची काडी नसते आणि भाद्रपदात पाय ठेवायला जागा नाही इतकी फुलं. मी लग्न होऊन आले तेव्हा वैनी शेतात लावणीला उभी होती. गुडघाभर चिखलात वाकून ती गात होती आणि बाकीच्या बायका तिच्यामागे ओळ धरत होत्या. कुणाची सासू, कुणाचा मुंबईला गेलेला नवरा, कुणाची आटलेली म्हैस, जे समोर येईल ते तिच्या गाण्यात यायचं. मला बघून तिने जागच्या जागी माझ्यावर दोन ओळी रचल्या. चिपळूणची पोर चिखलात चपला घालून आली, अशा काहीतरी. सगळ्या हसल्या, मी लाजून चपला काढल्या. तिचा आवाज गोड नव्हता. थोडा जाड, मधे चिरकणारा. पण ती गायला लागली की माणूस हातातलं काम थांबवायचा.

भावोजी, म्हणजे तिचा नवरा गणपत, मुंबईला एका कंपनीच्या कँटीनमध्ये होते. वर्षातून दोनदा यायचे. बरीच वर्षं मूल नव्हतं. मग रूपा झाली. आम्ही माझ्या नवऱ्याच्या नोकरीमुळे चिपळूणला राहिलो, तरी गणपतीला सगळे गावात असायचो, आणि रूपा माझ्या अंगाखांद्यावरच वाढली म्हटलं तरी चालेल. काटकुळी, आईसारखीच जाड आवाजाची. शाळेत प्रार्थना सांगायला गुरुजी तिलाच उभं करायचे.

रूपा पाचवीत होती त्या वर्षी गौरी आणायच्या दिवशी रूपा आणि आणखी तिघी मुली सड्यावर तेरडा आणायला गेल्या. आमच्याकडे तेरड्याचीच गौर करतात. सड्यावर शेठच्या चिरेखाणी आहेत. कातळ कापून चिरे काढायचे, पुरेसा खोल खड्डा झाला की तो तसाच सोडून पुढे सरकायचं. असा सोडलेला एक खड्डा पावसाच्या पाण्याने काठोकाठ भरला होता आणि काठावर कमरेइतकं गवत आणि तेरडा माजला होता. जमीन कुठे संपते ते दिसतच नव्हतं. रूपा तिथेच गेली. कापलेला चिरा म्हणजे सरळ भिंत, हाताला धरायला काही नाही... मुली ओरडत खाली आल्या तेव्हा मी अंगणात रांगोळी काढत होते. धावत वर गेलेल्यांत मी होते. पुरुषांनी गळ टाकून तिला बाहेर काढलं. मी त्या खड्ड्याच्या चारी बाजूंनी फिरले होते, वेड्यासारखी. एक खांब नव्हता, एक तार नव्हती, दगडाचा गडगासुद्धा नव्हता.

चार दिवसांनी तिथे काटेरी तारेचं कुंपण उभं होतं. पंचनामा नंतर झाला आणि त्यात लिहिलं गेलं की खाणीला कुंपण होतं, मुलगी ते ओलांडून आत गेली. शेठ भेटायला आले. ते वाईट माणसासारखे दिसत नाहीत. पांढरा सदरा, हळू बोलणं, कपाळाला गंध. आमच्या देवळाचा सभामंडप त्यांनीच बांधून दिलाय आणि कमिटीचे अध्यक्षही तेच आहेत. ओटीवर बसून ते वैनीला म्हणाले, "देवाची इच्छा. त्याच्यापुढे आपलं काय चालतं?" वैनी त्यांच्याकडे बघत राहिली. ते गेल्यावर मला म्हणाली, "देवाची इच्छा व्हती तर चार दिवसांनी तारा कुणाच्या इच्छेनं मारल्यान गो?"

केस झाली. भावोजी नोकरी सोडून गावी आले. वाडीतल्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी खाणीवर होतं, नाहीतर चिऱ्याच्या ट्रकवर होतं. बरोबरच्या तिन्ही मुलींच्या आईबापांनी, पोरींना काही आठवत नाही असं सांगितलं. साक्षीला मी एकटीच उभी राहिले. जे पाहिलं ते सांगितलं. समोरच्या वकिलाने मला एकच प्रश्न विचारला, "तुम्ही मयत मुलीच्या काकू ना?" मी हो म्हटलं. "बसा," तो म्हणाला. माझी साक्ष तिथे संपली.

वर्षभर वैनी गायली नाही. भजनाला यायची, खांबाला टेकून बसायची, टाळ मांडीवर तसेच. मग एका श्रावण सोमवारी, कुसुमने अभंग संपवून पेटीवरचा हात काढला होता आणि वैनीने अचानक सुरू केलं. आधी आम्हाला कळेना ती काय म्हणतेय.

बुडत्याचा तू आधार
ऐसे सांगे चराचर
मग होतास तू कोठे
सांग एकदा समोर

कुसुमने घाबरत घाबरत पेटीवर सूर शोधला. वैनी पिंडीकडे बघून गात होती. आम्ही आजवर म्हटलेल्या अभंगांत देवाला विनवण्या होत्या, लाडिक तक्रारी होत्या. असं कॉलर धरून विचारलेलं आम्ही ऐकलं नव्हतं.

तुझ्या दारी येईन मी
हाती घेऊन तेरडा
न्याय केल्यावाचून रे
नको लावूस कवाडा

एक दिस असा येवो
पाणी बोलेल साक्षीला
मुक्या माणसांची जीभ
देव लावील बोलीला

शेवटचं कडवं आलं तेव्हा मंडपातल्या अर्ध्या बायकांनी माना खाली घातल्या. त्यांच्यात त्या मुलींच्या आयाही होत्या. मला वाटलं, आता काहीतरी होईल. कुणीतरी उठेल, रडेल, भांडेल. पहिल्या रांगेत अध्यक्षांची खुर्ची असते, तिथे शेठ बसले होते. गाणं संपलं आणि त्यांनी मान डोलावली. "व्वा वैनी," ते म्हणाले, "अंगावर काटा आला. काय भाव आहे!" आणि समोरचा नारळ उचलून त्यांनी तिच्या ओटीत घातला.

त्यांना कळलं नव्हतं, की कळून सवरून ते तसं वागले... हे मला आजही सांगता येणार नाही. पुढच्या सोमवारी त्यांनीच फर्माईश केली. मग ते दर सोमवारचं झालं. वैनीचं गाणं झाल्याशिवाय आरती नाही. एकदा प्रसाद घेताना ती त्यांना सगळ्यांदेखत म्हणाली, "शेठ, ह्ये गाणं मी तुमच्यासाठीच रचलंय हां." ते हात जोडून हसले. "माझं भाग्य," म्हणाले.

गाणं गावाबाहेर गेलं. हर्णेला एका सप्ताहाला आमच्या मंडळाला बोलावलं होतं. बंदराजवळच्या देवळात, मासळीचा लिलाव आटोपून आलेल्या बायका टोपल्या बाहेर ठेवून ऐकायला बसल्या होत्या. वैनीचं गाणं झालं तशी एक उंच, काळीसावळी बाई उठून पुढे आली. तिच्या नवऱ्याची होडी गेली ती परत आलीच नव्हती. ती वैनीला म्हणाली, "बाय, तुझी पोर तुझ्या हाताला तरी लागली. माजा घोव दर्यानं तेवडा पन दिला न्हाय. तेरड्याच्या जागी मी वल्हं म्हनू का?" वैनीने तिला शेजारी बसवून घेतलं. दोघी गायल्या, एक तेरडा म्हणे, दुसरी वल्हं. मग मागून आणखी कुणी आणखी काही म्हणायला लागलं. कुणाचा मुलगा, कुणाचं पुरात वाहून गेलेलं घर... कितीतरी वेळ ते चाललं. परतताना गाडीत वैनी खिडकीशी बसली होती. "बघ सुषमा," म्हणाली, "आता ह्ये माझं एकटीचं ऱ्हायलं न्हाय." रूपा गेल्यानंतर तिच्या तोंडावर मी समाधान पाहिलं ते तेवढंच एकदा.

त्यानंतर कुणीतरी मोबाईलवर काढलेला तिचा व्हिडिओ फिरला. तालुक्यातल्या एका बँडवाल्याने गाण्याला ठेका लावून सीडी काढली. गणपतीत डीजेवर पोरं त्यावर नाचली. त्यात शेवटचं कडवं नव्हतं. लांबतं म्हणून काढलं, असं त्याने सांगितलं. त्या सीडीच्या पूजेला नारळ शेठनी फोडला.

निकाल लागला त्या दिवशी मी तिच्यासोबत होते. पुराव्याअभावी निर्दोष. कोर्टाच्या आवारात शेठच्या माणसांनी पेढे वाटले आणि त्यांतल्या एकाने, ओळखलं नसेल म्हणून, आमच्यापुढेही पुडा धरला. वैनीने पेढा घेतला, हातातच धरला आणि बसमध्ये बसल्यावर खिडकीतून टाकला. मी चिडले होते. मला कुणावर तरी ओरडायचं होतं आणि शेजारी तीच होती. मी म्हटलं, "वैनी, पुरे करा आता ते गाणं. न्याय होईल, देव बघेल, एक दिवस येईल... हे म्हणून म्हणून आपणच लोकांना गप्प बसायला शिकवतोय. ते ऐकतात, डोळे पुसतात आणि घरी जाऊन जेवतात."

ती म्हणाली, "रडले असते तर लोकांनी पाणी देऊन घरी पोचवली असती. शिव्या दिल्या असत्या तर येडी म्हटली असती. गाण्याला तसं करता येत न्हाय. बसून ऐकावं लागतं. ज्यानं केलं त्यालाबी." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "कोर्टानं सोडल्यान त्याला. मी न्हाय सोडलाय. दर सोमवारी त्याला बसवतंय."

उत्तर माझ्याकडे होतं, पण ते तिला ऐकवण्याइतकी मी निर्दय नव्हते. वैनी, तो बसतो खरा, पण ऐकत नाही. त्याला चाल आवडते. गावालाही चालच आवडते. तुमचा देव ऐकतो की त्यालाही चालच आवडते, कोण जाणे.

दोन वर्षांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. काही बोलायला गेली की नुसते आवाज निघायचे, मग स्वतःवरच चिडून तोंड फिरवायची. आणि एक दिवस भावोजींनी मला फोन करून बोलावून घेतलं. "सुषमा, तू येऊन बघ, ही बोलत न्हाय पन गाते." खरंच गात होती. शब्दांसकट, सगळी कडवी. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. बोलण्याची जागा वेगळी, गाण्याची वेगळी. तेव्हापासून तिचा सगळा संसार त्या एका गाण्यावर चालला. तहान लागली की ती "पाणी बोलेल साक्षीला" ही ओळ म्हणायची आणि भावोजी तांब्या घेऊन यायचे. दार उघडायचं असलं की "कवाडा". मी निघाले की "येईन मी, येईन मी" म्हणायची, म्हणजे परत ये. माझी तिची शेवटची भेट झाली तेव्हा मी तिचे केस विंचरत होते. तिला काहीतरी सांगायचं होतं, खूप धडपडली. शेवटी निघालं ते एवढंच, "मग होतास तू कोठे..." मी म्हटलं, इथेच आहे वैनी, कुठे जात नाही. तिने मान हलवली. तिला ते म्हणायचं नव्हतं. काय म्हणायचं होतं, ते मला कधीच कळणार नाही.

बाराव्यानंतर देवळाच्या मंडपात शोकसभा ठेवली. शेठ बोलले. वैनी म्हणजे गावचं भूषण, तिच्या नावाने दरवर्षी महिलांची भजनस्पर्धा भरवू, म्हणाले. बोलता बोलता त्यांचा आवाज भरून आला, चष्मा काढून त्यांनी डोळे टिपले, आणि मला सांगायला लाज वाटते, ते रडणं मला खोटं वाटलं नाही. मग आणखी कुणाला बोलायचंय का असं विचारलं. मागून दर्शना उठली. रूपाबरोबर तेरडा आणायला गेलेल्या मुलींतली एक. आता तिला स्वतःचीच मुलगी आहे. कडेवरची पोर तिने सासूकडे दिली आणि पुढे आली.

"मी त्या दिवशी रूपासोबत होते," ती म्हणाली. माईकमध्ये तिचा श्वास ऐकू येत होता. "खाणीला कुंपण नव्हतं. आम्ही कुठली तार ओलांडली नाही. तिथे तार नव्हतीच. मला तेव्हा बोलू दिलं नाही. नंतर मी बोलले नाही. वैनी मला देवळात दिसायची, आणि मी..."

दर्शनाचा बाप समोरच बसला होता, त्याने पायाखालच्या फरशीकडे बघितलं. मी शेठकडे बघत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा मला हलल्यासारखा वाटला. पण ते उठले, दर्शनाच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी माईक घेतला आणि हळू आवाजात म्हणाले, "बालपणीच्या मैत्रिणीची आठवण आली की माणूस भावुक होतो. बस बाळ. आता आपण वैनींसाठी दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या." सगळे उभे राहिले. त्या गावाने इतक्या सहज आणि इतकं चोख दुसरं काही केलेलं मी पाहिलं नाही.

गेल्या सोमवारी मी मुद्दाम भजनाला गेले. दर्शना आली नव्हती. तिला सासरच्यांनी पाठवलं नाही, असं कुसुम म्हणाली. दुपारी भजन सुरू झालं, सांजावताना आरतीची वेळ झाली, आणि वैनीच्या गाण्याशिवाय आरती नाही म्हणून कुसुमने सूर धरला. पहिली दोन कडवी आम्ही सगळ्यांनी म्हटली. शेवटचं कडवं वैनी नेहमी एकटी म्हणायची. ते आलं आणि आम्ही सगळ्याच थांबलो. प्रत्येकीला वाटलं दुसरी म्हणेल. मृदंगाचा ठेका चालू होता. मी तोंड उघडलं... आणि पहिल्या रांगेतून आवाज आला. शेठ गात होते. डोळे मिटलेले, हात मांडीवर ताल धरून. मुक्या माणसांची जीभ देव लावील बोलीला. एक शब्द चुकला नाही, एक सूर हलला नाही. इतक्या वर्षांत त्यांचं पाठच झालं होतं. आणि मागून सगळ्या बायकांनी ती ओळ उचलली, जोरात.

मी टाळ खाली ठेवून उठले आणि वैनीच्या घरी आले. भावोजी पडवीत सुपारी कातरत बसले होते. देवळाच्या स्पीकरवरची आरती तिथे स्वच्छ ऐकू येत होती. "झालं भजन?" त्यांनी विचारलं. झालं, म्हटलं. काय झालं ते त्यांना सांगितलं नाही. ते स्वतः त्या मंडपात कधी गेलेच नाहीत. थोड्या वेळाने आपणहूनच म्हणाले, "घरात ती ह्ये गाणं कवाच म्हणत नसे. पडली तोवर एकदाबी न्हाय. लोकांना वाटतं, ही घरात बसून पन देवाशी भांडत असंल."

"मग काय करायची?"

ते उठले. तिन्हीसांज झाली होती. आत देवापाशी त्यांनी दिवा लावला, माजघरातून मागच्या दारी गेले आणि उंबऱ्यावर उभे राहिले. तिथून सड्याकडे जाणारी पायवाट दिसते. मला वाटलं, गुरं आली का ते बघत असतील.

"रूपाऽ," त्यांनी हाक मारली. खेळायला गेलेल्या पोरीला मारतात तशी, साधी. "चल गो, दिवे लागले."

ते तसेच थोडा वेळ उभे राहिले. मग आत वळताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "रोज अशी हाक मारायची ती. चुकवू नये म्हणून आता मी मारतो." आणि चुलीवर चहाचं आधण ठेवायला गेले.